लायका क्यू3 घ्यावा का? आधी 28 चं अंतर तुमचं आहे का ते बघा

नमस्कार. तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सुटे करतो. तुमच्याकडे गेली सहा वर्षं एक फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढ्या मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणि 24-70 एफ 2.8 झूम लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो आणि मागचं जास्त धूसर होतं). दोन्ही मिळून दीड किलोच्या आसपास. खांदा भरून येतो म्हणून वर्षभर कॅमेरा कपाटात राहिला आणि दोन्ही मुलींचे फोटो मोबाइलवर निघाले. यंदा पहिल्यांदा आळंदीपासून चालत वारी करायची आहे. तेव्हा सगळं विकून लायका क्यू3 हा न निघणाऱ्या लेन्सचा कॅमेरा घ्यावा का, दुकानात सांगितलेले सहा लाख वसूल होतील का, 28 मिलिमीटरची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, एकच लेन्स सगळ्याला पुरेल का, की त्यापेक्षा सोनीचा आरएक्स1आर मार्क 3 बरा, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात बावीस वर्षं फोटोग्राफी करतोय. लग्नं हा पोटापाण्याचा व्यवसाय. वारी, जत्रा, कीर्तनं हे जिवाभावाचं काम. आधी क्यू2 वापरला, आता क्यू3 वापरतो. दोन्हींवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच तुम्हाला लगेच ‘घ्या’ म्हणायला जीभ रेटत नाही.

पहिली गोष्ट वजनाची. क्यू3 बॅटरीसकट 743 ग्रॅम भरतो. तुमच्या आताच्या जोडीच्या निम्मा, हे खरं. पण सोनीची ए7सी मार्क 2 ही फुलफ्रेम बॉडी 514 ग्रॅमची आहे आणि त्यांची 40 एफ 2.5 लेन्स 173 ग्रॅमची. दोन्ही मिळून 687. म्हणजे लेन्स बदलता येणारा फुलफ्रेम कॅमेरा क्यू3 पेक्षा हलका पडतो, आणि पैसे निम्म्याच्याही खाली लागतात. शिवाय ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दावर जाऊ नका. क्यू3 ची लेन्स पुढे आलेली आहे. तो जॅकेटच्या खिशात बसतो, पँटच्या खिशात नाही. नुसता खांदा दुखतो म्हणून सहा लाख घालत असाल तर तसं करू नका. तो प्रश्न त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत सुटतो, आणि खरं तर पंधरा-वीस हजारांतही सुटेल. तो उपाय शेवटी सांगतो.

मग क्यू3 घेताना माणूस नेमकं काय घेतो? माझ्या मते एक अंतर विकत घेतो. लेन्स निघत नाही, झूम नाही, म्हणून तुम्ही समोरच्यापासून किती लांब उभे राहणार ते कॅमेऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. ते अंतर तुम्हाला मानवलं तर या कॅमेऱ्यासारखा सोबती नाही. नाही मानवलं तर सहा महिन्यांत तोही कपाटात जाईल, आणि त्याची रुखरुख दीड किलोपेक्षा जड असेल.

28 चं अंतर म्हणजे काय, ते वारीतल्याच एका फोटोवरून सांगतो. सासवडच्या रस्त्यावर एक आजी डोक्यावर तुळस घेऊन चालत होत्या. वृंदावन पितळेचं, त्याला भगवी दोरी बांधलेली. मला त्या, तुळस आणि मागची पूर्ण दिंडी एकाच फ्रेममध्ये हवी होती. त्यासाठी मी त्यांच्यापासून दीड हातावर होतो आणि त्यांच्याच चालीने उलटं चालत होतो. त्या अंतरावर माणूस तुमच्याकडे बघतो. तुम्हाला ‘माउली’ म्हणावं लागतं, चार शब्द बोलावे लागतात, पाया पडावं लागतं. त्यांनी विचारलं, कुठल्या गावचा रे तू. मी सांगितलं. मग त्या आपल्या तंद्रीत पुढे बघायला लागल्या आणि तेव्हा फोटो मिळाला. 70 वर झूम करून लांबून काढलेल्या फोटोत माणूस सापडतो, पण गर्दीत आपण त्याच्यासोबत चालतोय असं वाटत नाही. ते वाटायला लावणं हे 28 चं काम. ज्याला अनोळखी माणसाच्या इतकं जवळ जायला संकोच वाटतो, त्याच्या फोटोत मात्र 28 ने भरपूर रस्ता, भरपूर आकाश आणि मधे बारीक माणसं येतात.

आता क्यू3 च्या जमेच्या बाजू. सगळ्या एका मापाच्या नाहीत, त्यामुळे काहींवर जास्त बोलतो.

लेन्स उत्तम आहे. सुमिलक्स 28 एफ 1.7, आणि हीच रचना 2015 च्या पहिल्या क्यू पासून चालत आलीय. तिचं बॅरल डिस्टॉर्शन (सरळ रेषा बाहेर फुगणं) सॉफ्टवेअरने सरळ केलेलं असतं, त्यामुळे कोपऱ्यात थोडी ताण दिल्याची खूण दिसते. पण प्रिंटमध्ये मला त्याचा त्रास कधी झाला नाही. लेन्सच्या बुंध्याशी एक रिंग आहे, ती फिरवली की मॅक्रो चालू होतं आणि 17 सेंटिमीटरपर्यंत जाता येतं. टाळ धरलेल्या बोटांवरचे घट्टे, गंधाची नुकती ओढलेली ओली रेघ, असलं सगळं त्याच लेन्सने निघतं.

लीफ शटरबद्दल कुणी फारसं सांगत नाही, पण माझ्या धंद्यात हा कॅमेरा टिकला तो त्याच्यामुळे. नेहमीच्या मिररलेसमध्ये शटरचे पडदे सेन्सरसमोर असतात. क्यू3 मध्ये शटर लेन्सच्या आत आहे, पाकळ्यांसारखं उघडतं आणि मिटतं. त्याचे दोन फायदे. पहिला आवाजाचा. कीर्तनात बुवा अभंगाच्या चरणावर थांबतात, मृदंगही थांबतो, मंडपात शांतता होते. अशा क्षणी पडद्याच्या शटरचा खटका चार ओळींमागे ऐकू जातो आणि लोक वळून बघतात. लीफ शटरचा आवाज माझा मलाच जेमतेम येतो. तुम्ही म्हणाल, इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की कुठलाही कॅमेरा मुका होतो. होतो, पण आपल्या मंडपांत आणि कार्यालयांत आता सगळीकडे एलईडी दिवे आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. एकदा उमटले की ते घालवता येत नाहीत.

दुसरा फायदा फ्लॅशचा. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, लग्न लागलं, आणि घरच्यांना नवरा-नवरीचे फोटो कार्यालयाच्या गच्चीवर हवेत. ऊन डोक्यावर. मुंडावळ्यांच्या सावल्या गालांवर पडलेल्या, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. अशा उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 ला शटर 200, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग, ठेवायचं तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ 11 वर न्यावं लागतं. पडद्याच्या शटरवर फ्लॅश 200-250 च्या वर नीट चालत नाही, म्हणून तुम्ही तिथेच अडकता. एफ 11 ला चेहरे उजळायला मोठा फ्लॅश लागतो आणि मागच्या पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, सगळं स्पष्ट दिसतं. क्यू3 चं लीफ शटर 1/2000 पर्यंत फ्लॅश घेतं. तेच ऊन मी 1600 वर आणि एफ 4 ला पकडतो. तीन स्टॉपचा फरक पडला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे फ्लॅशची ताकद आठव्या हिश्शाने पुरते. माझा मदतनीस तळहातात मावेल एवढा फ्लॅश धरून उभा असतो आणि नवरीच्या डोळ्यांत चमक येते. फार वरच्या स्पीडला फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवू नका एवढंच पथ्य, कारण तेव्हा त्याचा झोतच शटरपेक्षा जास्त वेळ चालतो आणि थोडा वाया जातो.

तिसरी गोष्ट हातात धरल्यावर कळते. ॲपर्चरची रिंग लेन्सवर, शटरची डायल वर, फोकसची रिंग पुढे आणि तिच्यावर अंतराचे आकडे. गर्दीत मी फोकस रिंग ‘एएफ’च्या खाचेतून बाहेर काढतो, दोन मीटरवर ठेवतो आणि ॲपर्चर एफ 8. मग साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत जे येईल ते चांगलं स्पष्ट. 60 मेगापिक्सेलवर पूर्ण मोठं करून बघितलं तर टोकाला थोडं मऊ वाटेल, पण बारा बाय अठराच्या प्रिंटमध्ये अजिबात नाही. यात फोकस चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. दिंडीत फुगडी रंगात आली, पदर उडतायत, समोर दहा हात हलतायत, अशा वेळी कुठलाही ऑटोफोकस गोंधळतो. हा गोंधळत नाही, कारण त्याला काही ठरवायचंच नसतं.

स्क्रीन वर-खाली कलते, ही क्यू2 पेक्षा मोठी सोय झाली. कंबरेशी कॅमेरा धरून काढलं की मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर येता. उभ्या फ्रेमसाठी मात्र ती कलत नाही.

आता उण्या बाजू. इथे मला सविस्तर लिहायचंय, कारण सहा लाखांच्या वस्तूबद्दल विकणारा हे सांगणार नाही.

तुम्ही लिहिलंय की ‘60 मेगापिक्सेल आहेत, त्यामुळे 35, 50, 75, 90 सगळं क्रॉप करून मिळतं, म्हणजे पाच लेन्स झाल्या.’ हा समज सगळीकडे पसरलाय आणि अर्धाच खरा आहे. अंगठ्याजवळचं बटण दाबलं की पांढरी चौकट येते, तेवढाच भाग जेपीजीमध्ये राहतो. डीएनजीमध्ये, म्हणजे कच्च्या (रॉ) फाइलमध्ये, पूर्ण फ्रेम शाबूत असते. 35 ला 39 मेगापिक्सेल उरतात, 50 ला 19, 75 ला 8, 90 ला 6. मेगापिक्सेलचा हिशोब लोक करतात. सेन्सरचा करत नाहीत. 50 ची चौकट म्हणजे सेन्सरचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग. म्हणजे त्या क्षणी तुमच्या हातात एपीएस-सी (फुलफ्रेमच्या खालचा, मधला आकार) पेक्षाही लहान सेन्सर असतो. एफ 1.7 चा धूसरपणाही तिथे एफ 3 सारखा होतो. 75 ला गेलात की साधारण एक इंची सेन्सरचा कॅमेरा राहतो, आणि धूसरपणा एफ 4.5 चा. उजेड चांगला असेल तर 50 पर्यंत मी निःशंक वापरतो, लग्नाच्या अल्बममध्येही. संध्याकाळी आयएसओ 6400 वर 75 ची चौकट लावून काढलेला चेहरा मात्र दाणेदार आणि सपाट दिसतो. फुलफ्रेमसाठी पैसे मोजायचे आणि एक इंची सेन्सरएवढाच भाग वापरायचा, असं होऊ नये. 35 पर्यंत मोकळेपणाने, 50 गरजेला, त्यापुढे ही सोय नाही असं समजा.

दुसरी अडचण रिंगणाची. वारीत ही तुम्हाला नक्की येणार. गोल रिंगणात अश्व धावतो तेव्हा तुम्ही दोरीच्या मागे, माणसांच्या तीन-चार रांगांमागे असता. अश्व वीस मीटरवर आहे असं धरा. 28 ला त्या अंतरावर फ्रेमची रुंदी जवळजवळ 26 मीटर होते. अश्वाची लांबी अडीच मीटरच्या आत. म्हणजे फ्रेमच्या दहाव्या हिश्शाएवढा अश्व. तुमच्या आताच्या 24-70 ला 70 वर तो चौथ्या हिश्शाएवढा येतो, आणि 200 च्या लेन्सने दोन तृतीयांश फ्रेम भरतो. बेलवाडीच्या रिंगणात मी एका वर्षी फक्त क्यू2 घेऊन गेलो होतो. अश्वाचा एकही फोटो धड आला नाही. मग मी मागे वळून अश्व बघणाऱ्यांचे चेहरे काढले: अश्व पुढून गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला धावलेली माणसं. ते फोटो मला आजही प्रिय आहेत. पण तुम्हाला अश्वच हवा असेल तर या कॅमेऱ्याने तो मिळणार नाही, हे आधीच मान्य करून जा. मंचावरची भाषणं, शाळेचं स्नेहसंमेलन, मुलींचे खेळांचे सामने यांनाही हेच लागू.

तिसरं, चेहरा. उभ्या फ्रेममध्ये डोकं आणि खांदे भरायचे तर 28 ने कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर येतो. तिथून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसणारच. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. त्या अंतरावरून डोळ्यांनाही तसंच दिसतं, फक्त आपण जिवंत माणसात ते लक्षात घेत नाही. बायकोचा, आईचा निवांत पोर्ट्रेट हा तुमचा आवडीचा फोटो असेल, तर 28 तुमच्यासाठी चुकीची आहे. खुर्ची, खिडकी, देवघर, हातातलं वाचन यांच्यासकट माणूस टिपायचा असेल तर मात्र तीच बरोबर.

ऑटोफोकसबद्दल थोडक्यात. क्यू2 मध्ये फक्त कॉन्ट्रास्ट पद्धत होती. क्यू3 मध्ये फेज डिटेक्शन आलं आणि फरक मोठा पडला. चालत्या माणसाला तो आता चांगला धरतो. पण हॉलभर पळणारी पाच वर्षांची मुलगी एफ 1.7 ला धरायची तर सोनी किंवा कॅननच्या अलीकडच्या बॉडी स्पष्टपणे पुढे आहेत. मुली हेच तुमचं मुख्य कारण असेल तर हा मुद्दा वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त मोलाचा धरा.

कार्ड एकच जातं. घरच्या फोटोंना चालेल. लग्नात मी क्यू3 कधीच एकटा नेत नाही; मुख्य विधी दोन कार्डांच्या बॉडीवर होतात. सप्तपदी पुन्हा घेता येत नाही. बॅटरी कागदावर साधारण साडेतीनशे फोटोंची आहे, यूएसबी-सी वर चार्ज होते. दिंडीच्या मुक्कामात एका प्लगवर पंचवीस मोबाइल लागलेले असतात, तेव्हा दोन जादा बॅटऱ्या आणि एक बरी पॉवरबँक बरोबर ठेवा.

पाऊस. क्यू3 ला आयपी52 हे मानांकन आहे आणि लोक त्याला ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात. यातला 5 म्हणजे धूळ बऱ्यापैकी रोखली जाते. आणि 2 म्हणजे कॅमेरा 15 अंशांपर्यंत कलता असताना वरून ठिबकणारे थेंब चालतात. बस, एवढंच. दिवे घाटात वारीतला पाऊस वरून ठिबकत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. तुमच्याकडे कुठलाही कॅमेरा असो, हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप आणि एक कोरडा पंचा खिशात असू द्या. मी लेन्सला हूड कायम लावून ठेवतो, थेंब पुढच्या काचेवर कमी येतात.

पावसाशी जोडून बुरशी येते, आणि न निघणाऱ्या लेन्सची सगळ्यात मोठी काळजी मला हीच वाटते. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी कोकणात तीन आठवडे काम करत होतो. रात्री थकून कॅमेरा ओलसर बॅगेत तसाच ठेवायचो. घरी आल्यावर एका जुन्या लेन्समधून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. चूक पूर्ण माझी होती. पण ती लेन्स काढून दुरुस्तीला दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून लग्न केलं. क्यू3 च्या लेन्सला हे झालं तर पूर्ण कॅमेरा हातातून जातो, आणि तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे उघडण्यातला नाही. सेन्सरवर धूळ बसली तरी तेच: सील केलेल्या रचनेमुळे ती क्वचित शिरते, पण शिरली तर आपल्याला ब्लोअरसुद्धा मारता येत नाही. कोरडं कपाट घ्या, आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. तो खर्च कॅमेऱ्याच्याच किमतीत धरा. विमाही त्यातच धरा.

आणि एक तांत्रिक गाठ, उन्हातली. यांत्रिक शटर 1/2000 ला संपतं. भर उन्हात एफ 1.7 ला आठ-नऊ हजारांच्या घरातला स्पीड लागतो. म्हणजे एक तर इलेक्ट्रॉनिक शटर लावायचं, जे 1/16000 पर्यंत जातं पण वेगात जाणारी वस्तू तिरकी करतं. नाही तर 49 मिलिमीटरचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावायचा. कॅमेऱ्याच्या आत एनडी नाही. फुजीच्या एक्स100 सहामध्ये चार स्टॉपचा एनडी आतच आहे, हे बघितलं की चुटपुट लागते.

पर्यायांकडे येतो. सोनीने 2012 मध्ये आरएक्स1 आणला तेव्हा फुलफ्रेम सेन्सर आणि न निघणारी 35 ची लेन्स एवढ्या लहान अंगात बघून आम्ही चकित झालो होतो. खरं तर ही कल्पना त्याहून फार जुनी. 1925 मध्ये लायकाचा पहिला कॅमेरा बाजारात आला त्याची 50 ची लेन्ससुद्धा निघत नव्हती, आणि आपली आजची 24 बाय 36 ची फ्रेमही तिथूनच रूढ झाली. 2025 चा आरएक्स1आर मार्क 3 हा 61 मेगापिक्सेलचा, 498 ग्रॅमचा आहे. खऱ्या अर्थाने लहान हाच. 35 एफ 2 ही माणसांसाठी 28 पेक्षा सोपी लेन्स आहे, ऑटोफोकसही चपळ. पण त्यात स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) नाही, स्क्रीन कलत नाही आणि पाण्या-धुळीपासून मानांकित संरक्षण नाही. संध्याकाळच्या दिवाणखान्यात आणि पावसाळ्यातल्या वारीत या तीन उणिवा रोज जाणवतील. युरोपातल्या शहरात फिरायचं असतं तर मी तुम्हाला तोच सुचवला असता; वारीसाठी नाही.

लायकाचाच क्यू3 43 हा सप्टेंबर 2024 मध्ये आला, एपीओ-सुमिक्रॉन 43 एफ 2 लेन्ससह. फुलफ्रेमचा कर्ण 43.3 मिलिमीटर भरतो, म्हणून 43 ला जुनी माणसं ‘खरी नॉर्मल’ लेन्स म्हणतात. घरातले चेहरे, जेवणाच्या ताटाभोवतीची माणसं, मुलीची वेणी घालणारी आजी, हे 43 ला फार सुंदर बसतं. तुमचा प्रश्न वाचताना मला दोनदा वाटलं की तुमची नजर 43 ची असावी. पण ते मी ठरवणं योग्य नाही, तुमचे फोटो ठरवतील.

आणि 28 पक्की ठरलीच, तर नवाच घ्यायला हवा असं नाही. जुना क्यू2 बघा. 47 मेगापिक्सेल, तीच लेन्स, तेच लीफ शटर, तेच आयपी52. स्क्रीन स्थिर आणि ऑटोफोकस मंद, एवढं सोसायचं. घेताना एफ 16 ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग दिसतात का पाहा, लेन्समध्ये टॉर्च मारून धागे पाहा, मूळ बिल मागा. यातलं एक जरी द्यायला समोरचा का-कू करू लागला तर उठून या.

आता सांगतो म्हणालो होतो तो स्वस्त उपाय. काहीही विकू नका. लाइटरूममध्ये लायब्ररीच्या वरच्या पट्टीत मेटाडेटा उघडा आणि एका रकान्यात फोकल लेंथ निवडा. सगळ्या फोटोंचा हिशोब नको. ज्यांना तुम्ही तारे दिलेत, घरी फ्रेम करून लावलेत, नातेवाइकांना पाठवलेत, तेवढेच मोजा. झूमवाल्यांची सवय असते की रिंग एका टोकाला नेऊन ठेवायची, त्यामुळे 24 आणि 70 वर ढीग दिसेल, त्याने फसू नका. निवडक फोटोंपैकी निम्मे 24 ते 35 च्या आत असतील तर पुढचा विचार करा. 50 च्या पलीकडे झुकले असतील तर क्यू3 चा विचार इथेच थांबवा.

मग तुमच्या आताच्या बॉडीला एक लहान 28 घ्या. कॅननच्या मिररलेसला 120 ग्रॅमची 28 एफ 2.8 मिळते, निकॉनच्या झेडला 155 ग्रॅमची, सोनीला 200 ग्रॅमची 28 एफ 2. सेकंडहँड घेतलीत तर वारीनंतर जवळपास त्याच भावात विकता येईल. 24-70 भावाच्या घरी ठेवा, म्हणजे मोह होणार नाही. तुमची दीड किलोची जोडी एकदम नऊशे ग्रॅमच्या आत येईल, आणि खांद्याचं दुखणं किती वजनाचं होतं आणि किती बॅगेचं, हेही कळेल. पहिले पंधरा दिवस घरात मुलींचे फोटो काढा. मग आळंदी ते सासवड एवढा टप्पा तरी त्याच लेन्सवर चाला.

घरी आल्यावर त्यातले चाळीस आवडते फोटो पोस्टकार्ड आकारात छापा आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने एकच शब्द लिहा: ‘जवळ’, ‘लांब’ किंवा ‘बरोबर’. आणखी जवळून हवं होतं आणि पाय उचलले असते तर जाता आलं असतं, तर ‘जवळ’. जाणं शक्यच नव्हतं, मध्ये दोरी होती, मंच होता, माणसं होती, तर ‘लांब’. ‘बरोबर’ आणि ‘जवळ’ मिळून तीस झाले तर क्यू3 घ्या, आणि तेव्हा सहा लाखांबद्दल मला विचारू नका, तो तुमच्याकडे वीस वर्षं राहील. ‘जवळ’ लिहिलेल्यांत घरातले चेहरेच जास्त असतील तर 43 हातात घेऊन बघा. ‘लांब’ पंधराच्या वर गेले तर ए7सी मार्क 2 सारखी लहान बॉडी आणि दोन हलक्या लेन्स. त्या गठ्ठ्याचं काय झालं ते मला जरूर कळवा.